युजरनेमला चेहरा मिळताना...

ऑनलाइन ग्रुपवर रोज कोडशी झटापट करणारी मंडळी पहिल्यांदा प्रत्यक्ष भेटणार असतील, तर तयारी कशाची करायची? हॉल, चहा आणि प्रोजेक्टरच्या पलीकडेही बरंच काही असतं.

तुमच्याही फोनमध्ये असा एक ग्रुप असेलच. पायथनचा, लिनक्सचा, आर्डुइनोचा नाहीतर अँड्रॉइडचा. रात्री दीड वाजता एरर टाकला, तरी दोनपर्यंत कुणीतरी उत्तर देतं. पण हे उत्तर देणारं माणूस कुठल्या कॉलेजचं, तो की ती, काहीच ठाऊक नसतं. मग एक दिवस मेसेज पडतो, ‘भेटूया का रे एकदा?’ त्यावर धडाधड अंगठे येतात आणि विषय तिथेच संपतो. तुमच्या ग्रुपचं असं होऊ नये, म्हणून ही थोडी पूर्वतयारी.

छोट्यापासूनच सुरुवात

पहिलीच भेट दणक्यात व्हायला हवी, हे आधी डोक्यातून काढा. ५ मार्च १९७५ला कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमध्ये गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये तीसेक जण जमले होते. बोलावणारे होते फ्रेंच आणि त्यांचा साथीदार फ्रेड मूर. घरच्या घरी कॉम्प्युटर जोडायचं वेड, एवढाच सगळ्यांमधला समान धागा. चर्चेचा विषय होता, तेव्हा नुकताच आलेला अल्टेअर ८८००. ही होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली भेट. त्या गर्दीत स्टीव्ह वॉझनियाक नावाचा एक बुजरा इंजिनीअरही होता. अ‍ॅपल-१ची प्रेरणा आपल्याला त्याच संध्याकाळी मिळाली, असं त्याने पुढे सांगितलं.

पायथनचंही तसंच. १९९४च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत पहिली पायथन वर्कशॉप झाली, तेव्हा जेमतेम वीस जण होते. आपल्याकडे पहिली पायकॉन इंडिया २००९मध्ये बेंगळुरूच्या आयआयएससीत भरली आणि २०११मध्ये ती पुण्यात आली. थोडक्यात काय, तर पंधरा जण आले तरी तुमची भेट फ्लॉप नाही.

आधी तारीख, मग बाकी सगळं

‘कधी जमेल सगळ्यांना?’ असं विचारलंत, तर ती भेट कधीच होणार नाही. दोन तारखा द्या, पोल टाका आणि तीन दिवसांत एक तारीख पक्की करा. त्याआधी युनिव्हर्सिटीचं टाइमटेबल, सबमिशनचा आठवडा आणि सणवार बघून घ्या. मुंबईकर असाल तर रविवारचा मेगाब्लॉकही बघा, नाहीतर अर्धी मंडळी ठाण्याच्या प्लॅटफॉर्मवरूनच ‘सॉरी’ म्हणतील.

जागेसाठी कॉलेजचा सेमिनार हॉल सगळ्यात स्वस्त. पण त्यासाठी एचओडींच्या सहीचं पत्र लागतं, बाहेरच्या कॉलेजच्या मुलांची नावं गेटवर द्यावी लागतात आणि रविवारी हॉलची चावी कुणाकडे असते, हेही विचारावं लागतं. जमलं तर आदल्या दिवशी एक चक्कर मारा. प्रोजेक्टरला तुमचा लॅपटॉप जोडला जातोय का? चार्जिंगसाठी एक्स्टेन्शन बोर्ड आहेत का? कॉलेजचं वायफाय पाहुण्यांना मिळणार का? आणि हो, सुट्टीच्या दिवशी वॉशरूम उघडं असतं का?

फुकटच्या कार्यक्रमाला ‘येतो’ म्हणणारे सगळे येत नाहीत, हे गृहीत धरूनच वडापाव सांगा. खर्च वर्गणीतून करणार असाल, तर हिशोब त्याच रात्री ग्रुपवर टाका. शंभर रुपयांवरूनही मनं दुखावतात.

गप्प बसणाऱ्यांचं काय?

खरी मेख इथे आहे. ग्रुपवर रोज बोलणारे दहा जण भेटीतही बोलणारच. पण एखादी मुलगी असते, जी प्रश्न टाइप करते आणि ‘हसतील सगळे’ म्हणून पुसून टाकते. एखादा तालुक्याच्या कॉलेजमधला असतो, ज्याला कोड येतो पण इंग्लिशमध्ये बोलायचं म्हटलं की घाम फुटतो. तुमची पहिली भेट त्यांच्यासाठी असायला हवी. तिथेही ते कोपऱ्यातच बसले, तर दुसऱ्या भेटीला येणार नाहीत.

म्हणून दिवसभर लेक्चरं ठेवू नका. एक-दोन छोटी टॉक्स पुरेत, तीही मराठीत चालतील असं आधीच सांगा. उरलेल्या वेळात चार-चारचे गट करा आणि प्रत्येकाने आपला अडकलेला प्रोजेक्ट मांडू दे. छातीवर नाव आणि युजरनेम, दोन्हीचा स्टिकर लावा. ‘अरे, तो बग सोडवणारी तू होतीस?’ यातून सुरू झालेल्या गप्पा मग थांबत नाहीत.

मुलींना घरी काय सांगावं लागतं, याचाही विचार करा. जागा ओळखीची हवी, कार्यक्रम उजेडात संपायला हवा आणि आयोजकांमध्ये किमान एक मुलगी असावी. कुणी त्रास दिला तर कुणाला सांगायचं, ते नाव आणि नंबर सुरुवातीलाच जाहीर करा. न विचारता कुणाचे फोटो टाकू नका. आणि ज्याला प्रवासखर्च जड जातोय, त्याच्यासाठी वर्गणीतून गुपचूप सोय करा.

भेटलो, पुढे काय?

डेबियन हा लिनक्सचा प्रोजेक्ट १९९३मध्ये सुरू झाला. त्यांची पहिली डेबकॉन्फ भरली २००० साली, फ्रान्समधल्या बोर्दोमध्ये. म्हणजे तब्बल सात वर्षांनी! तिथली एक पद्धत मस्त आहे. समोरासमोर भेटायचं, एकमेकांचं ओळखपत्र बघायचं आणि मग समोरच्याच्या डिजिटल ‘की’वर सही करायची. इतकं टेक्निकल काम करणाऱ्यांनाही विश्वासासाठी शेवटी माणूस डोळ्यांनी बघावासा वाटतो.

तुम्हाला सह्या नाही केल्यात तरी चालेल. पण उठण्याआधी दोन गोष्टी ठरवाच. पुढची भेट कधी आणि ती कोण घेणार. दुसऱ्या वेळी नवा माणूस पुढे येऊ दे. सगळा भार एकाच्याच डोक्यावर राहिला, तर त्याची प्लेसमेंट झाली की ग्रुपही थंड पडतो.

चला, आता तो ‘भेटूया का’वाला मेसेज पुन्हा टाका. या वेळी तारीख घालून.