इंग्रजी संभाषणांतील शिष्टाचार



इंग्रजी व्याकरणांत उत्तम गुण मिळविणारा मुलगा इंग्रजींत बोलतांना उद्धट कां ठरावा, हा प्रश्न वरवर चमत्कारिक वाटेल. परंतु तो माझ्या स्वतःच्या अनुभवांतून निघाला आहे. कॉलेजांत प्रवेश घेण्याच्या वेळीं एका दाखल्यासाठीं मी वडिलांबरोबर एका कचेरींत गेलों होतों. तेथील अधिकारी परप्रांतीय असून त्यांस मराठी येत नव्हतें. मी मोठ्या ऐटीनें इंग्रजींत म्हणालों, ‘गिव्ह मी द सर्टिफिकेट. यू साइन हिअर.’ साहेबांनीं लेखणी खालीं ठेविली व मला बाहेर थांबावयास सांगितलें. सायंकाळपर्यंत आम्ही बाकावर बसून राहिलों. दाखला दुसऱ्या दिवशीं मिळाला. पण वडिलांची दोन दिवसांची मजुरी बुडाली. घरीं परततांना त्यांनीं विचारिलें, ‘बाळ, साहेबांना राग कां आला?’ त्या वेळीं मला उत्तर देतां आलें नाहीं. तें आज येथें देत आहें.

मी मनांत ‘मला दाखला द्या, येथें सही करा’ असेंच म्हणत होतों. हें मराठी वाक्य सभ्य आहे. कारण ‘द्या’, ‘करा’ या क्रियापदांच्या रूपांतच आदर सांठविलेला आहे. शिवाय ‘तूं’, ‘तुम्ही’, ‘आपण’ अशा तीन पायऱ्या आपल्यापाशीं आहेत. इंग्रजींतही पूर्वीं एकवचनी ‘दाउ’ आणि अनेकवचनी व आदरार्थी ‘यू’ असा भेद होता. पुढें सतराव्या शतकांत ‘दाउ’ नेहमींच्या बोलण्यांतून बहुतेक लोपला आणि मालकास, नोकरास, बापास, लेकास एकच ‘यू’ उरला. १६११ सालच्या इंग्रजी बायबलांत देवास ‘दाउ’ म्हटलेलें पाहून कित्येक मुलांस तो अधिक मानाचा शब्द वाटतो. वस्तुतः तो आपला ‘तूं’च होय, आपणही प्रार्थनेंत देवास ‘तूं’च म्हणतों.

मग इंग्रजींत आदर राहिला कोठें? तो वाक्याच्या रचनेंत जाऊन बसला. ‘प्लीज्’ हा शब्द ‘आपली मर्जी असल्यास’ अशा अर्थाच्या जुन्या शब्दसमूहाचा अवशेष आहे. ‘कुड् यू साइन हिअर, प्लीज्?’ असें म्हटलें म्हणजे आज्ञेचा प्रश्न होतो व ऐकणाऱ्यास ‘नाहीं’ म्हणण्यास जागा राहते. हीच त्या भाषेची सभ्यता. ‘आय् वाँट’ ऐवजीं ‘आय् वुड् लाइक्’ म्हणावें. येथें ‘कुड्’ व ‘वुड्’ हीं रूपें भूतकाळ दाखवीत नाहींत. तीं विनंतीस नम्रता आणतात.

आणखी कांहीं नेहमींच्या जागा ध्यानांत ठेवाव्या. गर्दींत वाट मागतांना किंवा दोघांच्या बोलण्यांत शिरण्यापूर्वीं ‘एक्स्क्यूज् मी’ म्हणावें. कोणास धक्का लागल्यावर ‘सॉरी’. ऐकूं न आल्यास ‘व्हॉट?’ असें तोडून विचारूं नये, ‘पार्डन?’ म्हणावें. ‘गुड् ईव्हनिंग’ हें भेटतांना आणि ‘गुड् नाइट’ हें निरोप घेतांना. आपल्या ‘शुभनाम’ शब्दावरून ‘व्हॉट इज् युअर गुड् नेम?’ असें विचारण्याची आपल्याकडे चाल आहे. हेतु चांगला असला तरी परदेशच्या मनुष्यास तें समजणें कठीण. ‘मे आय् नो युअर नेम?’ एवढें पुरे.

एक फसवी जागाही सांगतों. ‘वुड् यू माइंड ओपनिंग द विंडो?’ म्हणजे ‘खिडकी उघडण्यास आपली हरकत आहे काय?’ यास आनंदानें ‘येस’ म्हणणारा मुलगा, हरकत आहे, असें सांगून बसतो! ‘नॉट ॲट ऑल’ म्हणून खिडकी उघडावी.

निरोपाचा ‘गुड्‌बाय’ हा ‘देव तुमच्याबरोबर असो’ या वाक्याचा संक्षेप आहे. आपणही घरांतून निघतांना ‘जातों’ न म्हणतां ‘येतों’ म्हणतों. शब्द निराळे, पण दोहोंच्या मुळाशीं समोरच्या माणसाविषयींची आस्था एकच.

पालकांस एक विनंती. आपणांस इंग्रजी येत नसलें तरी या शिक्षणांत आपला वांटा मोठा आहे. मुलानें साहेबास ‘प्लीज्’ म्हणावें आणि शाळेच्या शिपायास किंवा झाडूवाल्या बाईस ‘ए, इकडे ये’ म्हणावें, तर तो शब्द शिकला, शिष्टाचार शिकला नाहीं. घरांत आदरानें बोलणाऱ्या मुलास परकी भाषा केवळ नवे शब्द देते. बाकीचें त्याच्यापाशीं असतेंच. माझे वडील कोणाशींही कधीं ‘अरे’ म्हणून बोलले नाहींत. त्या दिवशीं त्यांना इंग्रजी येत असतें, तर तो दाखला पहिल्याच दिवशीं मिळाला असता.