मांत्रिकाचे पूर्वायुष्य

१९७४ साली अमेरिकेत निघालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात प्रत्येक गडी एकेक पात्र होतो. मांत्रिकाचे सोंग घेतलेली मुले आम्हांस विचारतात, ‘याचे पूर्वायुष्य कसे रचावे?’ आम्ही त्यांना शके १७४१ (इ. स. १८१९) मध्ये मालुकवींनी पुरा केलेला ‘नवनाथ भक्तिसार’ वाचावयास सांगतो.

त्यातील गोरक्षनाथ पाहा. मच्छिंद्रनाथांनी दिलेले भस्म शेजारणींनी भिवविल्यामुळे बाईने उकिरड्यावर टाकले. बारा वर्षांनी तेथूनच मुलगा निघाला. गुरूला वडा आवडला म्हणून तो पुन्हा मागावयास गेला, तेव्हा त्याने मोबदला म्हणून स्वतःचा डोळा काढून दिला. पुढे स्त्रीराज्यात रमलेल्या त्या गुरूला सोडवून आणण्याचे कामही त्याच्यावरच आले. जन्म, कष्ट आणि ऋण यांनी माणूस उभा राहिला. मंत्रांची यादी त्यानंतर.

कामगाराची बाजू मांडताना आम्हीही मजुरीचा आकडा मागाहून विचारतो. काम कोणी शिकविले, शिकताना काय सोसले, घरी खाणारी तोंडे किती, हे आधी. ज्याला विद्या फुकट मिळाली, त्याला ती कोणासाठी वापरावी हे उमगत नाही. म्हणून पात्र रचताना एवढेच ठरवा, की याच्यावर उपकार कोणाचा आणि तो हा कसा फेडणार. खरा खेळ तेथून सुरू होतो.