गार कोपरा काय सांगतो?

रेडिएटर म्हटला की आपल्याला मोटार आठवते. तिथे तो इंजिन गार ठेवतो. ब्रिटनमधल्या घरात मात्र रेडिएटर माणसांना ऊब देतो. बॉयलरमध्ये पाणी तापतं, पंप ते नळ्यांतून खोल्याखोल्यांत फिरवतो, आणि भिंतीलगतच्या पोकळ पोलादी रेडिएटरमध्ये ऊब ठेवून ते पाणी माघारी जातं. सारा खेळ वाहत्या पाण्याचा!

मुलीकडे मी एक हिवाळा काढला, तेव्हा एक गोष्ट पाहिली. रेडिएटर नीट तापेना, की लोक थर्मोस्टॅट वाढवतात. बिल वाढतं, गार कोपरा गारच राहतो. त्याऐवजी रेडिएटरवर जपून हात फिरवावा. कुठे गार लागतं, यावरून दुखणं कळतं.

वरचा भाग गार आणि खालचा गरम असेल, तर आत हवा अडकली आहे. आपल्याकडे नळाला हवा धरते, तसंच हे. हीटिंग बंद करून पाणी निवू द्यावं. रेडिएटरच्या वरच्या कडेला एक छोटा स्क्रू असतो. त्याखाली फडकं धरून, त्याच्या खास चावीने तो जरासाच सैल करावा, पूर्ण काढू नये. फुस्स आवाज करत हवा निघते. पाणी दिसलं, की लगेच घट्ट करावा. मग बॉयलरवरचा दाब पाहावा. बहुतेक घरांत, यंत्रणा गार असताना, तो १ ते १.५ बार असावा लागतो.

खालचा मधला भाग गार असेल, तर तळाशी गाळ बसला आहे. पोलाद आतून गंजून काळा चिखल होतो. तो धुऊन काढावा लागतो आणि पाण्यात गंजरोधक औषध घालावं लागतं. हे काम जाणकाराचं.

बॉयलरजवळचे रेडिएटर कढत आणि लांबचे कोमट असतील, तर आपल्या कालव्याची गोष्ट आठवा. वरचे शेतकरी पाणी ओढून घेतात, टेलचा कोरडा राहतो. इथे प्रत्येक रेडिएटरच्या एका टोकाला टोपीखाली व्हॉल्व्ह असतो. जवळच्यांचे व्हॉल्व्ह थोडेथोडे आवळले, की लांबच्यांना वाटा मिळतो.

आणि एकच रेडिएटर पूर्ण गार असेल, तर आकडे असलेल्या व्हॉल्व्हची आतली पिन अडकलेली असू शकते. उन्हाळाभर बंद राहिल्यावर असं होतं.

गॅसच्या बॉयलरला मात्र आपण हात लावू नये. ब्रिटनमध्ये ते काम 'गॅस सेफ' नोंदणी असलेल्या माणसानेच करायचं असतं.

हा प्रश्न नुसत्या सुखसोयीचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये थंड प्रदेशांतल्या घरांसाठी १८ अंश सेल्सिअस हे सुरक्षित किमान तापमान सांगितलं. म्हाताऱ्यांना आणि तान्ह्यांना त्याहून अधिक ऊब लागू शकते. आपल्यापैकी कितीतरी आईबाप मुलांकडे हिवाळ्यात जातात, आणि गार खोलीत शाल पांघरून गप्प बसतात. गप्प बसू नका. कुठे गार लागतं, ते मुलांना सांगा. अर्धी दुरुस्ती तिथेच होते.