वादग्रस्त स्वातंत्र्यघोषणा आणि ऑनलाइन विश्वकोश

घोषणा आणि राज्य

कोसोव्होच्या विधानसभेने १७ फेब्रुवारी २००८ रोजी स्वातंत्र्य जाहीर केले आणि सर्बियाने ते अवैध ठरवले. या दोन्ही घटना निर्विवाद आहेत. वाद आहे तो कोसोव्हो राज्य ठरते की नाही याविषयी. विश्वकोशातील नोंदीने घटना स्वतःच्या शब्दांत सांगाव्यात. राज्यत्वाविषयीचे दावे मात्र ते करणाऱ्यांच्या नावानिशीच द्यावेत. मान्यता देणे सरकारांचे काम आहे, विश्वकोशाचे नव्हे.

राज्यत्वाचे निकष

१९३३ च्या मोंतेव्हिदेओ कराराने राज्यासाठी चार निकष सांगितले: कायम लोकसंख्या, निश्चित भूप्रदेश, शासन आणि इतर राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता. यांत मान्यतेचा समावेश नाही. सोमालीलँडने १९९१ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केले. तेथे स्वतःचे शासन आणि चलन उभे राहिले, तरी त्यानंतर तीन दशके संयुक्त राष्ट्रांच्या एकाही सदस्य देशाने त्याला मान्यता दिली नाही. उत्तर सायप्रसची १९८३ ची घोषणा सुरक्षा परिषदेने ठराव ५४१ द्वारे कायदेशीरदृष्ट्या अवैध ठरवली. मान्यता दिली ती एकट्या तुर्कस्तानने. म्हणून प्रत्यक्ष ताबा, मान्यता आणि कायदेशीरपणा या तिन्हींची माहिती स्वतंत्रपणे द्यावी लागते.

न्यायालयाचे मत

नोंदी सर्वाधिक चुकतात त्या येथे. सर्बियाच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने कोसोव्होच्या घोषणेविषयी आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे सल्लागार मत मागवले. २२ जुलै २०१० रोजी दहा विरुद्ध चार अशा बहुमताने न्यायालयाने सांगितले, की घोषणेमुळे आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग झाला नाही. मात्र कोसोव्हो राज्य आहे का, किंवा इतरांनी दिलेली मान्यता वैध आहे का, हे आपल्याला विचारलेलेच नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. ‘न्यायालयाने स्वातंत्र्य मान्य केले’ हे वाक्य त्यामुळे चूक ठरते. ‘तो निव्वळ सल्ला होता’ एवढेच म्हणणेही अपुरे आहे. प्रश्न काय होता हे सांगितल्याखेरीज उत्तराचा अर्थ लागत नाही.

मान्यतेची मोजणी

मान्यता देणाऱ्या देशांची संख्या कोसोव्हो एक सांगते, सर्बिया दुसरी. काही देशांनी मान्यता मागे घेतल्याचा सर्बियाचा दावा आहे. संख्येसोबत तिची तारीख आणि ती सांगणारा, दोन्ही हवेत. शिवाय मान्यता सर्वत्र सारखी नसते: कोसोव्हो २००९ मध्ये जागतिक बँकेचा आणि २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचा सदस्य झाला, पण संयुक्त राष्ट्रांचा नाही.

माहितीचौकट आणि नकाशा

लेखात काळजीपूर्वक लिहिलेले बारकावे शेजारच्या चौकटीत नाहीसे होतात. तेथे ‘देश’ असा एकच शब्द बसतो आणि अनेक वाचक तेवढेच वाचतात. चौकटीत ‘स्थिती: वादग्रस्त’ असे लिहून खाली दोन्ही बाजू द्याव्यात, नकाशावरील सीमारेषा तुटक असावी.

भाषा आणि सरकार

भारताने कोसोव्होला मान्यता दिलेली नाही. मराठी नोंदीत ही भारताची भूमिका म्हणून यावी, नोंदीची स्वतःची म्हणून नव्हे. मराठी वाचक अमेरिकेतही राहतात आणि त्या देशाने घोषणेच्या दुसऱ्याच दिवशी मान्यता दिली होती.

वाद मिटल्यानंतर

जुनी भूमिका पुसून टाकू नये. बांगलादेशाचे स्वातंत्र्य २६ मार्च १९७१ रोजी जाहीर झाले, भारताची मान्यता ६ डिसेंबर १९७१ रोजी आली, पाकिस्तानची फेब्रुवारी १९७४ मध्ये, आणि संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व मिळाले ते १७ सप्टेंबर १९७४ रोजी. नोंदीत या चारही तारखा असायला हव्यात.