उन्हाळ्यातील आरोग्य : सल्ला आणि सोय

उन्हाळा सुरू होताच ‘तहान नसली तरी पाणी प्या, दुपारी 12 ते 3 या वेळेत उन्हात जाणे टाळा’ असे आवाहन शासकीय यंत्रणांमार्फत केले जाते. हा सल्ला शास्त्रशुद्ध आहे; मात्र तो पाळण्याची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. कार्यालयात बसून काम करणाऱ्यास दुपारचे ऊन टाळण्यासाठी काही गमवावे लागत नाही. वीटभट्टीवरील किंवा बांधकामावरील मजुरास मात्र त्या तीन तासांच्या मजुरीवर पाणी सोडावे लागते. म्हणूनच उन्हाळ्यातील आरोग्याचा प्रश्न वैद्यकशास्त्राइतकाच अर्थशास्त्राचाही आहे.

शरीर आणि उष्णता

मानवी शरीराचे तापमान सुमारे 37 अंश सेल्सिअस असते. श्रम करताना स्नायूंत निर्माण होणारी उष्णता प्रामुख्याने घामावाटे बाहेर टाकली जाते. एक लिटर घामाचे पूर्ण बाष्पीभवन झाल्यास सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता निघून जाते. हवा दमट असल्यास घाम सुकत नाही. त्यामुळे किनारपट्टीवर तुलनेने कमी तापमानही घातक ठरते. घामाबरोबर क्षारही जात असल्याने पाण्याच्या जोडीला ताक, लिंबू सरबत, भाताची पेज किंवा ओआरएस घेणे हितावह असते. शरीराचे तापमान 40 अंशांपलीकडे जाऊन भ्रम वा बेशुद्धी आल्यास तो उष्माघात होय. अशा रुग्णास सावलीत न्यावे, अंगावर पाणी टाकून वारा घालावा आणि तातडीने रुग्णालयात हलवावे. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात पाणी घालू नये.

उष्णतेची लाट म्हणजे काय?

भारतीय हवामान विभागाच्या निकषांनुसार मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान 40 अंश, डोंगराळ भागात 30 अंश व किनारी भागात 37 अंश असून ते सरासरीपेक्षा किमान 4.5 अंशांनी अधिक असल्यास उष्णतेची लाट मानली जाते. मैदानी प्रदेशात हा फरक 6.4 अंशांहून अधिक असल्यास लाट तीव्र समजतात. तेथे प्रत्यक्ष तापमान 45 अंश झाल्यास लाट, तर 47 अंश झाल्यास तीव्र लाट असाही निकष आहे.

अहमदाबादचा अनुभव

मे 2010 मध्ये अहमदाबादचे तापमान 46.8 अंशांवर पोहोचले. त्या महिन्यात शहरात नेहमीपेक्षा 1,344 मृत्यू अधिक झाल्याचे नंतरच्या अभ्यासात आढळले. त्यातून धडा घेऊन महानगरपालिकेने 2013 मध्ये दक्षिण आशियातील पहिला उष्णता कृती आराखडा लागू केला. आगाऊ इशारा, आरोग्य कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, पाण्याची केंद्रे आणि विविध खात्यांतील समन्वय ही त्याची प्रमुख अंगे होत. पुढे गरीब वस्त्यांतील छपरांना पांढरा रंग देण्याचा कार्यक्रमही जोडण्यात आला. या आराखड्यामुळे वर्षाला सरासरी 1,190 मृत्यू टळले असावेत, असा अंदाज 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे.

श्रमाचे मोल

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2019 च्या अहवालानुसार उष्णतेच्या ताणामुळे 1995 मध्ये भारतातील 4.3 टक्के कामाचे तास वाया गेले. 2030 पर्यंत हे प्रमाण 5.8 टक्के, म्हणजे 3.4 कोटी पूर्णवेळ रोजगारांइतके होईल, असा अंदाज आहे. शेती आणि बांधकाम या क्षेत्रांना त्याची सर्वाधिक झळ बसते.

कामाच्या ठिकाणी पाणी, विसाव्यासाठी सावली आणि प्रथमोपचार पेटी असावी, अशी तरतूद 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यात करण्यात आली होती. तिच्यामागील तत्त्व सर्वच कष्टकऱ्यांना लागू पडते. काम पहाटे सुरू करून दुपारी थांबवणे आणि त्या विश्रांतीची मजुरी न कापणे, हे त्याच तत्त्वाचे पुढचे पाऊल ठरेल. सल्ल्याला अशी सोयीची जोड मिळाली, तरच ज्याला त्याची सर्वाधिक गरज आहे त्याला तो पाळता येईल.