क्रूझची तारीख ठरवा, मग कॅलेंडर उलटं मोजा

आलिशान क्रूझचं बुकिंग कधी करायचं, हे ऑफरच्या जाहिरातींपेक्षा व्हिसाचे नियम आणि युरोपातल्या शाळांच्या सुट्ट्याच जास्त ठरवतात.

अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकांकडून क्रूझबद्दल एक सल्ला हमखास मिळतो : ‘आत्तापासून कशाला पैसे अडकवता? महिनाभर आधी बघा, निम्म्या भावात मिळते.’ सल्ला देणाऱ्याचा अनुभव खराच असतो. न्यू जर्सीत राहणारा माणूस बायोनचं केप लिबर्टी बंदर स्वतःच्या गाडीने गाठतो. विमानाचं तिकीट काढायचं नाही, अमेरिकी पासपोर्टमुळे बहामाजसाठी व्हिसाची कटकट नाही आणि समोरची बोट चार-पाच हजार माणसांची. अशा बोटीवर ऐनवेळी केबिन उरल्या तर कंपनी त्या पडेल भावात काढून टाकते. पण हाच सल्ला मनावर घेऊन ठाण्या-पुण्याचं जोडपं भूमध्य समुद्रातल्या आलिशान क्रूझचा भाव पडायची वाट बघत बसलं, तर बोटीवर वाचलेले पैसे ऐनवेळच्या विमान तिकिटात जातात. आणि व्हिसा वेळेत आलाच नाही, तर सगळंच मुसळ केरात.

भाव कुठे पडतो, कुठे पडत नाही

बोट सुटली की रिकाम्या केबिनचे पैसे बुडाले, हे सगळ्याच कंपन्यांना लागू आहे. पण मोठ्या बोटींची बरीच कमाई प्रवासी आत आल्यावर होते : दारू, कॅसिनो, फोटो, वाय-फाय, किनाऱ्यावरच्या सहली. केबिन स्वस्तात दिली तरी पुढे वसुली होते. सिल्व्हरसी, सीबोर्न, रीजंट, एक्सप्लोरा या कंपन्यांच्या आलिशान बोटींचं गणित निराळं. प्रवासी साधारण पाचशे ते हजार आणि बहुतेक खर्च तिकिटातच धरलेला. निम्म्या भावात आलेल्या पाहुण्याकडून नंतर फार काही मिळत नाही. उलट पूर्ण पैसे भरून वर्षानुवर्षं येणाऱ्या पाहुण्यांचा रोष ओढवतो. म्हणून या कंपन्या उघडपणे भाव पाडण्यापेक्षा वर काहीतरी देणं पसंत करतात. बोटीवर खर्चायला क्रेडिट देतात, वरच्या श्रेणीचा स्वीट देतात, एकट्या प्रवाशाकडून घ्यायचा जादा आकार कमी करतात. दरम्यान सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत मोठे स्वीट आधीच गेलेले असतात. उशिरा येणाऱ्याच्या वाट्याला मधले उरतात.

‘आलिशान’ मोजायचं कसं

माहितीपत्रकात प्रत्येक बोट आलिशानच असते. त्यामुळे एक साधा भागाकार करून पाहावा. बोटीचं ग्रॉस टनेज म्हणजे वजन नव्हे, आतल्या जागेचं माप. त्याला प्रवासीसंख्येने भागलं की माणशी किती जागा आहे याचा अंदाज येतो. २०२४ मध्ये आलेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’चं टनेज २,४८,६६३ आणि एका केबिनमध्ये दोघं धरून प्रवासी ५,६१०, भागाकार ४४. सिल्व्हरसीच्या ‘सिल्व्हर नोव्हा’चं टनेज सुमारे ५४,७०० आणि प्रवासी ७२८, भागाकार ७५. बोट आकाराने पावपट, पण माणशी जागा दीडपटीहून जास्त. जेवायला रांग नाही, उतरताना गर्दी नाही, डेकवरची खुर्ची अडवायला सकाळी टॉवेल टाकायला नको. आलिशान क्रूझवर आपण पैसे मोजतो ते मुख्यतः याचे. अशा बोटीवर माणशी एका रात्रीला साधारण पाचशे डॉलरपासून हजार किंवा त्याहूनही जास्त पडतात. भागाकार पन्नाशीच्या आत येत असेल, तर हा भाव द्यायचं कारण नाही.

दुसरा प्रश्न तिकिटात काय धरलंय याचा. रीजंटच्या तिकिटात किनाऱ्यावरच्या सहलीही येतात, सीबोर्नवर त्यांचे वेगळे पैसे पडतात. टिप आणि दारू दोन्हीकडे आतच. इथे आपल्याकडच्या अनेक जोडप्यांनी थबकायला हवं. दोघंही दारू घेत नसतील तर शॅम्पेन ‘फुकट’ असलेली बोट म्हणजे मधुमेह्याने श्रीखंडाची थाळी घेणं. अशांनी व्हायकिंगसारख्या एक पायरी खालच्या कंपनीचा भाव शेजारी ठेवून पाहावा. तिथे जेवणासोबतची वाइन-बीअर आणि प्रत्येक बंदरातली एक सहल तिकिटात असते, प्रत्येक केबिनला बाल्कनी असते आणि अठरा वर्षांखालची मुलं घेतच नाहीत. नातवंडांना घेऊन जायचं असेल तर मात्र तोच नियम आडवा येतो.

त्यांचा मोसम, आपल्या सुट्ट्या

उदाहरणासाठी एकच सफर धरू. व्हेनिस ते अथेन्स, आठवडाभराची, वाटेत स्प्लिट, डुब्रॉव्हनिक, कोटोर आणि कॉर्फू. या भागातला मोसम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. त्यात जुलै-ऑगस्ट सगळ्यांत महाग, कारण तेव्हा युरोपातल्या शाळांना सुट्टी असते. ऊन कडक आणि दगडी गल्ल्यांत खांद्याला खांदा. मे महिना मात्र तिथे अजून मधला मोसम धरतात. हवा सुखद आणि भाव चढायचे बाकी. आपल्या शाळांची सुट्टी नेमकी तेव्हाच असते, हा मराठी कुटुंबांना मिळालेला आयता फायदा. समुद्रात पोहायची हौस असेल तर सप्टेंबर बरा, कारण उन्हाळाभर पाणी तापलेलं असतं.

दिवाळीची सुट्टी मात्र उलटी पडते. ऑक्टोबर संपता संपता बोटी भूमध्य समुद्र सोडून कॅरिबियनकडे किंवा पूर्वेकडे निघतात. जागा बदलण्याच्या या फेऱ्या रात्रीच्या हिशेबात स्वस्त असतात, पण मधे सलग पाच-सहा दिवस नुसता समुद्र, आणि बार्सिलोनाहून चढून मायामीला उतरायचं म्हणजे दोन वेगळे व्हिसा. सुएझमार्गे आपल्या दिशेला येणाऱ्या फेऱ्या मोहात पाडतात. मात्र तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे २०२३ च्या अखेरीपासून अनेक कंपन्यांनी तो मार्ग टाळला. अशी फेरी घेताना मार्ग बदलला तर पैशांचं काय, हे आधी विचारावं. दिवाळीतच जायचं असेल तर आग्नेय आशिया पाहावा. तिथला मोसम नोव्हेंबरपासून सुरू होतो आणि सिंगापूरचा व्हिसा युरोपच्या शेंगेन व्हिसाच्या मानाने लवकर हातात येतो. थोडं थांबून भाव पाहण्याची चैन इथे परवडू शकते.

तारीख पक्की करण्याआधी बंदराचं खरं नाव वाचायचं. १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनेजच्या वरच्या बोटींना व्हेनिसच्या सान मार्कोसमोरून जायला बंदी आहे. त्यामुळे कार्यक्रमात ‘व्हेनिस’ लिहिलेलं असलं तरी कंसात त्रिएस्त किंवा रावेन्ना असू शकतं, आणि ही दोन्ही बंदरं व्हेनिसपासून साधारण दीडशे किलोमीटर लांब आहेत. ‘रोम’ म्हणजे सत्तरेक किलोमीटरवरचं चिवितावेक्किया, ‘पॅरिस’ म्हणजे ल आव्र. डुब्रॉव्हनिकने एका वेळी दोनच बोटींची मर्यादा घातली आहे, तरी त्या दिवशी दुसरी बोट कोणती, हे बंदराच्या वेळापत्रकात बघून घ्यावं. ती तीन हजारांची निघाली, तर त्या दिवशी तटबंदीवर तुमच्या बोटीच्या लहानपणाचा काही उपयोग नाही.

नकाशात दिसणारी स्वस्ताई

आलिशान बोटीवर बहुतेक खोल्या स्वीटच असतात, आणि बाल्कनीवाल्या एकाच मापाच्या स्वीटला पाच-सहा श्रेणी असतात. पलंग तोच, बाथरूम तेच, बाल्कनी तेवढीच; फरक फक्त मजल्याचा आणि बोटीतल्या जागेचा. वरचा मजला महाग. प्रत्यक्षात बोट हेलकावते तेव्हा वरच्या मजल्यावर आणि दोन्ही टोकांना जास्त जाणवतं, मध्यभागी आणि खाली कमी. ज्यांना बोट लागते त्यांच्यासाठी खालच्या मजल्यावरचा मधला स्वीट सगळ्यांत चांगला, आणि बऱ्याचदा तोच सगळ्यांत स्वस्तही.

डेकचा नकाशा मोठा करून आपल्या खोलीच्या बरोबर वरचा आणि खालचा मजला पाहायचा. वर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज, खाली नाट्यगृह असेल तर रात्री ढोल. अगदी पुढच्या टोकाला सकाळी नांगराची साखळी सुटते तेव्हा गजर लावायची गरज पडत नाही. खिडकीसमोर लाइफबोट आहे का, तेही नकाशात कळतं. ‘गॅरंटी’ नावाचा प्रकार यासाठीच सावधपणे घ्यायचा : त्यात श्रेणी पक्की असते, पण खोली कंपनी देईल ती.

बोट आपल्याला मानवते का, हीच शंका असेल तर लाखो रुपये घालण्याआधी मुंबईहून कॉर्डेलियाची दोन-तीन रात्रींची सफर करून पाहावी. ‘एम्प्रेस’ ही त्यांची बोट १९९० सालची, पूर्वी रॉयल कॅरिबियनची. तिच्यावरून आलिशान क्रूझची कल्पना येणार नाही, पण पोटाची परीक्षा होईल.

एजंट, टीसीएस आणि विमा

थेट कंपनीकडे बुकिंग केलं म्हणून क्रूझ सहसा स्वस्त पडत नाही. एजंटाचं कमिशन कंपनी देते, आणि चांगला एजंट त्यातलं थोडं क्रेडिटच्या रूपाने तुम्हाला देतो. अमेरिकी संकेतस्थळावरच्या ऑफर बऱ्याचदा तिथल्या रहिवाशांपुरत्याच असतात, त्यामुळे तिथला भाव दाखवून इथे भांडण्यात अर्थ नाही. भारतातून परदेशी सहलीचं पॅकेज घेतलं की त्यावर टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ वसूल केलेला कर, लागतो. त्याचा दर अर्थसंकल्पागणिक बदलत आला आहे, तेव्हा कोटेशनमध्ये ती रक्कम वेगळी दाखवायला सांगा. आयकर विवरणपत्रात ती वळती होते, पण तोवर अडकून पडते.

शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. समुद्रातून रुग्णाला किनाऱ्यावर हलवायची वेळ आली तर तेवढ्याने भागेलच असं नाही. साठीच्या पुढच्यांनी विमा क्रूझला लागू आहे का आणि आधीपासूनचे आजार त्यात येतात का, हे पॉलिसीतच वाचून घ्यावं. जैन किंवा कांदा-लसूण नसलेलं जेवण हवं असेल तर ते बुकिंगबरोबरच लेखी कळवावं. समुद्रात असताना मुदपाकखान्याला ऐनवेळी बाजार गाठता येत नाही.

उलटी मोजणी

समजा, आपली बोट १५ मेला सुटणार आहे. मोठ्या कंपन्या डिपॉझिट सोडून उरलेली रक्कम साधारण ९० दिवस आधी मागतात, आलिशान कंपन्या बऱ्याचदा १२० दिवस किंवा त्याहूनही आधी. १२० दिवस धरले तर तारीख येते १५ जानेवारी. त्यानंतर रद्द केलं की पैसे कापले जायला लागतात. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांहून आधी घेत नाहीत, म्हणजे १५ नोव्हेंबरच्या आधी नाही. निर्णयाला एरवी १५ दिवस लागतात, पण ते ४५ पर्यंत लांबू शकतात. मोठी रक्कम भरण्यापूर्वी व्हिसा हातात हवा असेल तर मधे मिळतात जेमतेम दोन महिने. सुदैवाने व्हिसा केंद्रात उन्हाळ्याची झुंबड तेव्हा अजून सुरू झालेली नसते.

आपल्या उदाहरणातल्या सफरीला व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचाच हवा. क्रोएशिया २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, पण कोटोर ज्या मॉन्टेनेग्रोत आहे तो देश नाही. तिथून कॉर्फूला गेलात की तुम्ही शेंगेनमध्ये दुसऱ्यांदा शिरता. अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, हे मुक्काम सगळ्यांत जास्त कुठे यावर ठरतं. व्हेनिसला आधी तीन रात्री राहिलात तर इटलीकडे झुकतं माप, अथेन्सला राहिलात तर ग्रीसकडे. म्हणजे हॉटेलचं ठरल्याशिवाय व्हिसाचा अर्जही पुढे सरकत नाही. बोटीच्या आदल्या दिवशी तरी शहरात पोहोचायचंच, त्यामुळे एक रात्र नक्की धरा.

आता ऑफरचं बघू. जानेवारी ते मार्च हा क्रूझ कंपन्यांचा ‘वेव्ह सीझन’, वर्षातल्या मोठ्या सवलतींचा काळ. पण मे महिन्याच्या सफरीचे पैसे भरायची अखेरची मुदत १५ जानेवारीलाच संपते. त्यामुळे या सवलती आपल्या कामाच्या आहेत त्या पुढच्या वर्षीच्या मेसाठी. सोळा महिने आधी डिपॉझिट भरायचं, हवा तो मधला स्वीट धरायचा आणि मग गप्प बसायचं नाही. अखेरच्या मुदतीपर्यंत त्याच श्रेणीचा भाव उतरला, तर अनेक कंपन्या नवा भाव लावून देतात, पण मागितल्यावर. दर महिन्याला एकदा भाव पाहणं हे आपलं किंवा एजंटाचं काम.

म्हणून डिपॉझिट भरण्याच्या दिवशीच एजंटाकडून तीन गोष्टी लेखी घ्या. डिपॉझिट परत मिळणारं आहे का आणि कधीपर्यंत. भाव उतरला तर नवा भाव लावून मिळेल का. आणि रद्द करण्याचे नियम कंपनीचे लागतील की एजंटाचे स्वतःचे. तिसऱ्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळालं नाही, तर दुसरा एजंट शोधायला तुमच्याकडे अजून भरपूर महिने आहेत.