शेरीफ बदलला, कर्मचाऱ्यांच्या नोकरीचे काय?

अमेरिकेत काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा शेरीफ बहुतेक ठिकाणी निवडून येतो. मुंबईच्या शेरीफसारखे ते केवळ मानाचे पद नाही. पोलीस आणि तुरुंगही त्याच्या हाताखाली असतात.

१९७० मध्ये शिकागोच्या कुक काउंटीत डेमोक्रॅट शेरीफ आला आणि नागरी सेवेचे संरक्षण नसलेल्या रिपब्लिकन कर्मचाऱ्यांवर गदा आली. समन्स बजावणाऱ्यालाही नोकरी टिकवायला पक्षाचा आशीर्वाद हवा! १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी बडतर्फी घटनाबाह्य ठरवली. धोरण ठरवणारी पदे मात्र वगळली.

वॉशिंग्टन राज्यात १९५८ च्या जनमतानेच शेरीफ कार्यालयांना नागरी सेवा नियम लागू झाले. भरती परीक्षेतून होते. काढून टाकलेला कायम कर्मचारी १० दिवसांत तीनसदस्यीय आयोगाकडे दाद मागू शकतो. आयोगात एकाच पक्षाचे दोनहून अधिक सदस्य चालत नाहीत.